मोठी एंटरप्राइझ हार्ड डिस्क वाजवी किमतीत घेताना
१६ टीबी किंवा त्याहून मोठी नवी एंटरप्राइझ (सर्व्हरसाठी बनवलेली) हार्ड डिस्क घरच्या साठवणीसाठी महाग पडते. म्हणून लेखी वॉरंटी असलेली रिसर्टिफाइड (आधी वापरलेली किंवा परत आलेली, पुन्हा तपासून विकलेली) डिस्क पाहावी आणि तुलना प्रति टीबी किमतीवरच करावी.

१. साध्या संगणकासाठी साटा (SATA, मदरबोर्डला थेट जोडता येणारी) डिस्कच घ्यावी. सॅस (SAS, सर्व्हरमधील जोडणीची) डिस्क स्वस्त दिसली, तरी तिला वेगळे कंट्रोलर कार्ड लागते आणि बचत तिथेच संपते.

२. परतीच्या मुदतीत स्मार्टची (SMART, डिस्कची स्वतःची प्रकृती तपासणारी अंतर्गत व्यवस्था) विस्तारित चाचणी चालवावी. तिला एक दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो.

३. ‘नवी’ म्हणून मिळालेल्या सीगेट डिस्कच्या स्मार्टमधील वापराच्या तासांवर विसंबू नये. ते पुसता येतात, म्हणून सीगेट डिस्कमधील वेगळ्या फार्म (FARM) नोंदीतील तासांशी ताडून पाहावेत.

डिस्क सुरूच झाली नाही, तर ती लगेच बिघडलेली समजू नये. काही डिस्क साटा वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आल्यास बंदच राहतात.