सही करण्याआधी, बिल भरण्याआधी: रुग्ण दाखल असताना नातेवाइकांनी काय करावं

खासगी रुग्णालयात माणूस दाखल झाला की पहिल्या तासात दोन गोष्टी ठरवा: डॉक्टरांशी कोण बोलणार, आणि वही कोण लिहिणार. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली तरी चालतं. बोलणारे चार जण झाले की आरएमओ (वॉर्डात कायम हजर असणारा निवासी डॉक्टर) एकाला एक सांगतो, सिस्टर दुसऱ्याला वेगळंच काही सांगतात, आणि चौथ्या दिवशी गावाहून आलेल्या मामांच्या कानावर जे पडतं त्यात माहिती थोडी आणि संशय फार असतो. मामा मग थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरतात. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

वही म्हणजे साधी शंभर पानी. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ घाला. कोणते डॉक्टर येऊन गेले, काय म्हणाले, कोणती तपासणी पाठवली, कोणती औषधं खालून आणायला लावली, किती पैसे भरले, एवढं पुरे. मोबाइलवर टिपून ठेवलं तरी हरकत नाही, पण रात्रपाळीला बसणारा माणूस बदलतो तेव्हा वही हातात देता येते, मोबाइल देता येत नाही.

रुग्ण कोणाच्या नावाखाली दाखल आहे ते फाइलवर पाहून घ्या. निदान, ऑपरेशन आणि डिस्चार्ज यांची उत्तरं त्याच डॉक्टरांनी द्यायची असतात. रात्री वॉर्डात असणारे आरएमओ अनेक छोट्या रुग्णालयांत बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. तब्येतीवर लक्ष ठेवायचं आणि मुख्य डॉक्टरांना कळवायचं हे त्यांचं काम. त्यांना 'ऑपरेशन लागेल का?' विचारलं तर ते अंदाजाने काहीतरी सांगतात, सकाळी मुख्य डॉक्टर वेगळं बोलतात, आणि नातेवाइकांना वाटतं की आपल्यापासून काही लपवलं जातंय. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर असणं बंधनकारक आहे. अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर असतील तर तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत.

राउंडची वेळ सिस्टरांना विचारून ठेवा आणि त्या वेळी प्रश्न लिहून हजर राहा. मिळणार पाचच मिनिटं. त्यात हे विचारा: निदान पक्कं आहे की अजून शक्यताच आहे? पुढच्या चोवीस तासांत काय व्हायला हवं? काय झालं तर काळजीचं समजायचं? दुसरा कोणता उपाय आहे, आणि काहीच केलं नाही तर काय होईल? शेवटचा प्रश्न ऐकायला उद्धट वाटतो, पण उपचार खरोखर किती निकडीचा आहे हे त्याच्याच उत्तरातून कळतं. उत्तर ऐकून झालं की आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा: 'म्हणजे आज ताप उतरला तर उद्या वॉर्डात हलवणार, बरोबर?' गैरसमज असेल तर तो तिथल्या तिथे निघतो.

संमतीपत्र

सर्वाधिक घोळ इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याचीच. आपल्याकडे सही मुलगा करतो, आजार मुलाला सांगितला जातो, आणि वडिलांना 'पोटात गाठ आहे, काढून टाकतील' एवढंच कळतं. घरच्यांना ही माया वाटते. पण कायद्याने आणि वैद्यकीय नीतीने निर्णय वडिलांचा आहे. डॉक्टरांनी घरच्यांच्या आग्रहाखातर गप्प बसणं हेही चुकीचंच. रुग्ण स्वतःच 'मला नका सांगू, मुलाशी बोला' म्हणाला तर गोष्ट वेगळी; तसं फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा. अल्पवयीन मुलासाठी पालक सही करतात. जीव धोक्यात असेल आणि सही करायला कोणी नसेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, थांबूही नये.

सही करण्याआधी फॉर्मवर पाहा: ऑपरेशनचं पूर्ण नाव, डावी-उजवी बाजू, करणाऱ्या सर्जनचं नाव, नेमके धोके, पर्याय, तारीख आणि वेळ. भूल आणि रक्त देणं यांची संमती स्वतंत्र असावी. दाखल करतानाच काउंटरवर चार कोऱ्या फॉर्मवर सह्या घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे भांडत बसू नका. 'ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांशी बोलून सही करतो' एवढं म्हणा. कोरा फॉर्म डॉक्टरांच्याही कामाचा नसतो, कारण उद्या प्रश्न आला तर काय समजावून सांगितलं याचा पुरावा त्यात उरत नाही. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीतला मागा. नसेल तर वाचून, समजावून घ्या आणि सहीजवळ 'मराठीत समजावून सांगितले' असं लिहा. सही झाली की फॉर्मचा फोटो काढू देण्याची विनंती करा.

एका कामाची संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका रुग्णाचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं: तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नाही, आणि जिवाला धोका नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. म्हणून दुर्बिणीच्या तपासणीआधी विचारा, 'आत काही सापडलं तर तिथेच काढणार, की बाहेर येऊन बोलणार?' आणि उत्तर फॉर्मवर लिहून घ्या.

'हाय रिस्क कन्सेंट' हे शब्द ऐकले की घरच्यांना वाटतं, डॉक्टर आधीच हात वर करतायत. धोका खरंच जास्त आहे आणि तो आम्ही सांगितला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या सहीने हलगर्जीपणाला माफी मिळत नाही. आणि दिलेली संमती ऑपरेशन सुरू होईपर्यंत मागे घेता येते.

पैसे

नियोजित ऑपरेशन असेल तर अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात खोलीचा प्रकार, किती दिवस, आयसीयू धरलंय का, औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) आत की बाहेर, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. 'पॅकेज' या शब्दावर विसंबू नका. पॅकेजमध्ये काय नाही ते आधी विचारा. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते.

दाखल असताना दर दोन दिवसांनी तोपर्यंतचं बिल मागा. आठव्या दिवशी एकदम बिल आलं की ना नातेवाइकांना काही आठवतं, ना काउंटरवाल्याला. वहीशी ताडून पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: तज्ज्ञांच्या भेटी (न आलेल्या डॉक्टरांची भेट लागली आहे का), ऑक्सिजनचे तास, ग्लोव्ह्ज आणि सिरिंजचे आकडे, आणि न वापरता परत केलेली औषधं. फार्मसीतून उचललेली इंजेक्शनं डोस बदलल्यावर परत जातात; ती बिलातून वजा झाली का, हे नक्की पाहा. चूक दिसली तर 'लुटलं' म्हणण्याऐवजी ओळ दाखवा आणि खुलासा मागा. बहुतेक चुका टायपिंगच्या निघतात, काही निघत नाहीत.

स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) आणि गुडघ्याचे इम्प्लांट यांच्या किमतींवर २०१७ पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे. पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लावलेलं असतं. त्याचा फोटो घ्या आणि बिलातलं नाव, किंमत जुळतेय का पाहा.

कॅशलेस विमा असेल तर २०२४ च्या नियमांनुसार विमा कंपनीने सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने लावलेला जादा आकार कंपनीच्या माथी. म्हणून संध्याकाळी डिस्चार्ज अडकला की आधी विचारा, रुग्णालयाने कागद किती वाजता पाठवले? बऱ्याचदा विलंब तिथेच असतो.

रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही. तातडीच्या स्थितीत अशा रुग्णालयाने आधी दाखल करून जीव सावरण्याचे उपचार द्यायचे असतात. आणि थकलेल्या बिलापोटी रुग्ण किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही, असं रुग्ण हक्कांची राष्ट्रीय सनद सांगते. बाकी रक्कम वसूल करायचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाला मोकळे आहेतच.

कागद मागण्याची रीत

मूळ फाइल रुग्णालयाची, पण तिची प्रत मिळण्याचा हक्क रुग्णाचा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी आल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. (ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले.) ७२ तास मोजायचे तर सुरुवात कुठून, हे सिद्ध व्हायला हवं. तोंडी मागणीत तेच निसटतं. अर्ज चार ओळींचा पुरतो:

'माझे वडील, आयपीडी (दाखल रुग्ण) क्रमांक ___, दि. ___ पासून आपल्याकडे दाखल आहेत. त्यांच्या संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या प्रती मिळाव्यात: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता), संमतीपत्रं, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, सर्व तपासण्यांचे अहवाल. प्रतींचा खर्च देण्यास तयार आहे. कृपया पोच द्यावी.'

सही रुग्णाची हवी. तो करू शकत नसेल तर नातं दाखवणारा पुरावा जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल करा. नुसतं 'फाइल द्या' म्हटलं की डिस्चार्ज कार्ड हातात येतं, म्हणून यादी. नर्सिंग नोंदी आणि औषधांचा तक्ता यांना खरी किंमत असते, कारण कोणत्या वेळी काय झालं ते तिथेच सापडतं. सीटी-एमआरआयचा अहवाल पुरत नाही, सीडी घ्या. गाठ काढली असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागता येतात. कर्करोगात दुसरं मत घेताना ते लागतातच.

दुसरं मत चोरून घेऊ नका. 'निर्णय मोठा आहे, एकदा आणखी कोणाला दाखवतो, कागद द्याल का?' असं सरळ विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर तीही माहितीच. नव्या डॉक्टरांकडे 'आधीचं बरोबर आहे का?' घेऊन जाऊ नका. 'या स्थितीत तुम्ही काय केलं असतं?' विचारा. सल्ल्याविरुद्ध घरी न्यायचं असेल तर तशी सही द्यावी लागते, पण ती दिली म्हणून तोवरचे कागद आणि सारांश मिळण्याचा हक्क जात नाही.

काही बिघडलं तर

मृत्यू अनपेक्षित असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर अंत्यविधीआधी पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागा. त्या घडीला हे फार जड जातं. पण ते झालं नाही तर नंतर कोणत्याही समितीपुढे कारण सिद्ध करायला हाती फारसं काही राहत नाही, आणि डॉक्टर निर्दोष असतील तर त्यांनाही ते दाखवता येत नाही.

पुढे रुग्णालयाकडे लेखी खुलासा आणि बैठक मागा. दोघे जा, जमाव नेऊ नका. काच फुटली की प्रकरण उलटतं: महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई.

समाधान झालं नाही तर तीन दारं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. वैद्यकीय परिषद डॉक्टरांना ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते. पैसे मिळवून देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, आणि कोणता आयोग हे तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरतं, मागणीवर नाही. पन्नास लाखांपर्यंत भरले असतील तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालयं या कक्षेत येत नाहीत. पोलिसांकडची तक्रार सर्वांत अवघड, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं.

तिन्हीकडे तक्रार लिहिताना विशेषणं गाळा. 'डॉक्टरांनी अक्षम्य हलगर्जीपणा केला' हे वाक्य वाचणारा पुढे सरकतो. 'दि. १२ रोजी रात्री ११.४० ला ऑक्सिजन ८४ होता असं नर्सिंग नोंदीत आहे; त्यानंतरची डॉक्टरांची पहिली नोंद पहाटे २.१५ ची आहे' हे वाचून तो थांबतो आणि पान उलटून मागची नोंद पाहतो.