ल्युपसमध्ये ईएसआर-सीआरपी वाचताना या चुका टाळा

बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असल्याचं कळलं, तेव्हापासून तिच्या रिपोर्टची फाईल माझ्याकडे आहे. एकदा सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन) नॉर्मल आला आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तिच्या पायांवर सूज होती, लघवीला फेस येत होता, पण कागदावर सगळं ठीक दिसत होतं ना! पुढे लघवीतलं प्रोटीन तपासलं, तेव्हा मूत्रपिंडाला झळ पोचल्याचं समजलं.

ही सगळ्यात महागडी चूक. सीआरपी यकृतात तयार होतो, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रोटीनच्या इशाऱ्यावर. ल्युपसमध्ये इंटरफेरॉन या दुसऱ्या संदेशवाहकाचा जोर असतो आणि तो ही निर्मिती दाबतो, असं मानलं जातं. त्यामुळे त्वचा किंवा मूत्रपिंड धुमसत असतानाही सीआरपी शांत दिसू शकतो. सांधे सुजले किंवा फुप्फुस-हृदयाच्या आवरणाला सूज आली, तर मात्र तो चढतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ल्युपसच्या पेशंटला ताप आहे आणि सीआरपी खूप वाढलाय, तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्या. 'आजार उसळला' म्हणून घरीच स्टिरॉइडची गोळी वाढवू नका. संसर्ग असेल तर तो बळावतो. स्वतःहून एकदम बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्ततपासणी, पण तिचं वेगळंच आहे. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच तो सांगतो. वय, गरोदरपण, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन यांनीही तो वाढतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं काही नवीन नाही. ढोबळ हिशेब असा: पुरुषांसाठी वयाच्या निम्मा आकडा, बायकांसाठी वयात १० मिळवून निम्मा. म्हणजे ६० वर्षांच्या बाईचा ३५ पाहून घाबरायचं कारण नाही. शोग्रेनमध्ये (डोळे-तोंड कोरडं पाडणारा असाच एक आजार) रक्तात अँटिबॉडी खूप झाल्यानं ईएसआर चढा आणि सीआरपी नॉर्मल, अशी जोडी नेहमी दिसते. शिवाय सूज ओसरली की सीआरपी काही दिवसांत उतरतो, ईएसआरला आठवडे लागतात. औषध लागू पडत नाही असं इतक्यात ठरवू नका.

एएनए (निदानाच्या वेळी करतात ती अँटिबॉडीची तपासणी) पुन्हापुन्हा करून पैसे घालवू नका; निदानानंतर त्याच्या चढउतारावरून आजाराचा जोर कळत नाही. सी३, सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रोटीनं), डीएसडीएनए अँटिबॉडी (स्वतःच्याच डीएनएविरुद्धची) आणि लघवीची तपासणी, ल्युपसचा माग यांवर ठेवतात. तोसिलिझुमॅब (इंटरल्यूकिन-६ चा इशारा रोखणारं औषध) चालू असेल तर ते औषधच सीआरपी दाबतं, संसर्ग असतानासुद्धा.

आणि आकड्यापुढचं एकक बघा. एक लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देते, दुसरी डेसिलिटरमागे. पहिलीकडचा १२ म्हणजे दुसरीकडचा १.२. लॅब बदलल्यावर एका रात्री मी याच फरकामुळे 'दसपट सुधारणा' झाली असं समजून बसले होते.