डमी कॉइल लावूनही टेलिकास्टरचा हम जात नाही? या चुका टाळा

टेलिकास्टर ही फेंडरची इलेक्ट्रिक गिटार. तिचे पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकीय कॉइल, त्या हमही (घूंऽऽ आवाज) पकडतात. डमी कॉइल म्हणजे चुंबक नसलेली जादा कॉइल, ती उलटी जोडून तो हम कटवायचा. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी अँप (अँप्लिफायर) चालू करून गिटारच्या तारांना हात लावा. आवाज झटकन कमी झाला तर तो बझ. त्यावर इलाज कॉपर टेप आणि नीट ग्राउंड. गिटार घेऊन जागच्या जागी फिरल्यावर घूंऽऽ कमी-जास्त होत असेल, तरच तो मेन्सचा (घरच्या विजेचा) ५० हर्ट्झचा चुंबकीय हम. डमीचा उपयोग फक्त त्याला. ही चाचणी अँपला चिकटून करू नका, त्याचा ट्रान्सफॉर्मर फसवतो.

डमीसाठी जुना पिकअप फोडायचा मोह होतो. फेंडर पद्धतीच्या पिकअपमध्ये वायर बहुधा थेट अल्निकोच्या (चुंबकीय मिश्रधातूच्या) दांड्यांवर गुंडाळलेली असते. दांडी ठोकून काढली की आतला वेढा तुटतो आणि मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवतो. त्यापेक्षा प्लास्टिक बॉबिनचा स्वस्त सिरॅमिक पिकअप घ्या, खालची चुंबकपट्टी सोडवा. ओहम जुळले म्हणजे वेढे जुळले असंही नाही. वायर बारीक असेल तर कमी वेढ्यांतही तेवढेच ओहम भरतात.

आता जोडणी. दोन्ही पिकअपच्या ग्राउंड वायरी पॉटच्या (नॉबखालच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या) पाठीवरून काढून एकत्र करा. तो जोड डमीच्या एका टोकाला, दुसरं टोक ग्राउंडला. खरी गोची ब्रिज पिकअपच्या तळाला असते (ब्रिज म्हणजे तारा टेकतात तो धातूचा भाग). तिथली धातूची प्लेट एका छोट्या जंपरने (जोडवायरीने) कॉइलच्या ग्राउंड वायरला जोडलेली असते आणि स्क्रूंमार्फत ब्रिजला टेकते. ब्रिजला वेगळी ग्राउंड वायर असली तर डमी सरळ बायपास होते. जंपर कापा, ब्रिज वेगळ्या वायरीने ग्राउंड करा. नेक (मानेजवळच्या) पिकअपच्या धातूच्या कव्हरचंही तेच. मग वायरींचा जोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये मीटर लावा: डमीचे ओहम दिसले पाहिजेत. शून्याच्या आसपास काटा आला, तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे.

हम उलट वाढला? डमीची दोन टोकं अदलाबदल करा. ब्रिज शांत पण नेकवर दुप्पट घूंऽऽ, असं असेल तर नेक पिकअप रिव्हर्स-वाउंड (उलट दिशेने गुंडाळलेला) आहे. अशा जोडीत स्विचच्या मधल्या पोझिशनला (दोन्ही पिकअप चालू) हम आधीच कटलेला असतो. डमी तिथे स्वतःचा हम आणून घालते. दोन्ही पिकअप एकाच दिशेचे हवेत.

गिटारच्या अरुंद कॅव्हिटीत (आतल्या पोकळीत) कॉइल आडवी कोंबू नका. तिचा अक्ष पिकअपच्या अक्षाला समांतर हवा. ट्रेबल थोडा जातोच. २५० के (किलो-ओहम) ऐवजी ५०० के पॉट घातला तर बराचसा परत येतो.