अमेरिकेत मेडिकलला प्रवेश मिळेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

अमेरिकेत एमडीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या डॉक्टरकीच्या मूळ अभ्यासक्रमासाठी, दरवर्षी 50 हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि 23 हजारांच्या आसपास मुलांना जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळत नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एमकॅट, म्हणजे प्रवेश परीक्षेचे मार्क, 511-512 असतो आणि जीपीए, म्हणजे पदवीच्या ग्रेडची 4 पैकी सरासरी, 3.75 च्या वर. इथल्या मराठी पालकांना हे आकडे बहुतेक तोंडपाठ असतात. चूक होते ती ते वाचण्यात. बारावीचे पीसीबीचे मार्क, मेरिट लिस्ट, अमुक मार्कांना अमुक कॉलेज, या हिशोबात आपली पिढी वाढली. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची अशी यादी लागतच नाही.

सरासरीला कट-ऑफ समजणं

एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना जीपीए आणि एमकॅटचा एक तक्ता प्रसिद्ध करते. त्यातला सगळ्यात वरचा चौकोन, म्हणजे 3.8 च्या पुढचा जीपीए आणि 518 च्या पुढचा एमकॅट, घेतला तरी तिथे ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपासच मुलांना निदान एका कॉलेजात जागा मिळालेली दिसते. बाकीच्यांचे मार्क काही कमी नव्हते. म्हणून हा तक्ता ढोबळ अंदाजापुरताच वापरावा. प्रत्येक कॉलेजचे आकडे पाहायला एमसार हा एएएमसीचाच डेटाबेस आहे. थोडे पैसे पडतात, पण ते जरूर भरा. त्यात नुसता मधला आकडा न पाहता खालच्या दहा टक्क्यांची रेषा कुठे आहे तेही पाहा. आपलं मूल त्या रेषेच्या जवळ असेल, तर मार्कांपलीकडे अर्जात काय आहे याचं उत्तर तयार असायला हवं.

एकूण एमकॅटबरोबर चारही विभाग वेगवेगळे पाहा. 514 मध्ये कार्स, म्हणजे उताऱ्यांचा विभाग, 123 वर अडकला असेल, तर ते चारही विभागांत सारखे मार्क असलेलं 514 नाही.

पदवी कॉलेजच्या मार्कपत्रिकेवरचा जीपीए धरणं

बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज अॅमकास या सामाईक पद्धतीतून जातो आणि अॅमकास जीपीए स्वतः नव्याने काढतं. समजा, मुलाला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला. त्याने तोच कोर्स पुन्हा केला आणि ए मिळवला. बऱ्याच कॉलेजांत जुना सी जीपीएतून वगळला जातो. अॅमकास दोन्ही ग्रेड धरतं. विज्ञान-गणिताची 48 क्रेडिट आणि 3.7 जीपीए असं कॉलेजच्या कागदावर दिसत असेल, तर चार क्रेडिटचा तो सी परत आला की आकडा 3.57 होतो. हा फरक किरकोळ नाही. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेले कोर्सही यात मोजले जातात आणि ए प्लसला ए इतकेच 4.0 मिळतात. त्यामुळे सगळ्या मार्कपत्रिका समोर ठेवून सायन्स जीपीए आणि एकूण जीपीए हातानेच काढा. इथे घाई नको.

जास्त अर्ज म्हणजे जास्त खात्री

हुशार घरांतच ही चूक जास्त दिसते. हिशोब असा मांडतात: प्रत्येक कॉलेजात पाच टक्के शक्यता धरली, 20 कॉलेजांत अर्ज केला, तर निदान एका ठिकाणी मिळण्याची शक्यता 64 टक्के. गणित बरोबर आहे, पण इथे ते लागू होत नाही. प्रत्येक अर्जाचा निकाल दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल, तरच असा गुणाकार चालतो. इथे वीसही ठिकाणी तोच निबंध, तीच शिफारसपत्रं आणि तेच अनुभव जातात. पहिल्या कॉलेजला निबंध पोकळ वाटला, तर एकोणिसाव्यालाही तो तसाच वाटण्याचा संभव मोठा. शिवाय बहुतेक कॉलेजं नंतर सेकंडरी, म्हणजे आपापल्या प्रश्नांवरचे वेगळे निबंध मागतात. दोन आठवड्यांत पाठवायचे म्हटलं, तरी तीस कॉलेजांचे चांगले निबंध एका उन्हाळ्यात कोण लिहिणार? पंधरा-वीस नेमकी निवडलेली कॉलेजं मला तीस-पस्तीसपेक्षा बरी वाटतात.

‘आमच्या कॉलेजची 90 टक्के मुलं मेडिकलला जातात’ ही जाहिरातही जपून वाचा. काही पदवी कॉलेजांत मेडिकलसाठी शिफारस करणारी समिती कमजोर मुलांना शिफारसपत्रच देत नाही. मग टक्केवारी चांगली दिसणारच.

राज्य आणि व्हिसा शेवटी पाहणं

हे सगळ्यात आधी पाहायला हवं. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना जेमतेम दहा टक्के जागा असतात. मिसिसिपीचं सरकारी कॉलेज राज्याबाहेरच्यांना घेतच नाही. राहत्या राज्यात सरकारी कॉलेजं बरीच असणं आणि एकच असणं यात मुलाच्या शक्यता पूर्ण बदलतात, मार्क तेच असले तरी.

आपल्याकडे यातही अवघड प्रश्न एच-4 वर, म्हणजे आईवडिलांवर अवलंबून मिळालेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांचा आहे. आईवडील एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं. मूल दुसरीपासून न्यू जर्सीत शिकलेलं, पण 21 पूर्ण झाल्यावर एच-4 संपतो आणि त्याला एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे अर्ज घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी थोडी आहेत आणि त्यांतली काही फीची रक्कम आधी बाजूला ठेवायला सांगतात. अशा मुलाचं 518 हे नागरिक असलेल्या मुलाच्या 518 इतकं वजनदार राहत नाही. हे अन्यायकारक आहे, मुलांना फार लागतं, पण ते तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळावं. प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. ओळखीतल्या कुणाच्या मुलाला मिळालं, एवढ्यावर विसंबू नका.

डीओला यादीतून काढणं

‘लोक विचारतील, एमडी का नाही?’ एवढ्यासाठी डीओची, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन या डॉक्टरकीच्या दुसऱ्या पदवीची, दारं बंद होतात. डीओ डॉक्टरांना अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो आणि 2020 पासून एमडी-डीओंची रेसिडेन्सीची मॅच, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप, एकत्रच होते. 505 च्या आसपास एमकॅट असेल, तर डीओ कॉलेजं धरल्याशिवाय अंदाज पूर्ण होत नाही. काही स्पेशालिटींत डीओंना चुरस जास्त पडते, हेही मुलाला आधी सांगा.

आकडे बसत नसतील तर

वडिलांच्या किंवा मामांच्या दवाखान्यात शंभर तास बसणं हा अनुभव फारसा धरला जात नाही. ईएमटी (रुग्णवाहिकेतला मदतनीस), स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), हॉस्पिसमधली (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची) सेवा अशा कामात मुलाने अनोळखी रुग्णांसोबत वेळ घालवलेला असावा.

तारखेचंही तसंच. अॅमकासचे अर्ज मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतात, कागद तपासायला काही आठवडे लागतात आणि बहुतेक कॉलेजं येईल तसा अर्ज वाचत जातात. एमकॅटची तयारी झाली नसेल, तर सप्टेंबरमध्ये घाईने अर्ज करण्यापेक्षा एक वर्ष थांबावं. निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं घेऊनच प्रवेश घेतात, त्यामुळे यात मागे पडण्यासारखं काही नाही. सायन्स जीपीए खाली असेल, तर पोस्ट-बॅकचे, म्हणजे पदवीनंतरचे जादा, कोर्स घेऊन चढता आलेख दाखवता येतो. एमकॅट पुन्हा देण्याआधी एएएमसीच्या सराव परीक्षांचे शेवटचे तीन-चार निकाल पाहा. ते जुन्या मार्कांच्या आसपासच असतील, तर नाव नोंदवू नका, कारण जुने मार्कही कॉलेजांना दिसतात. दुसऱ्यांदा अर्ज करताना निबंध, कामाचे तास आणि कॉलेजांची यादी, या तिन्हींत काय बदललं ते आधी कागदावर लिहा. तीन ओळीही भरत नसतील, तर या वर्षी फी भरू नका.