काळ्या जमिनीतील खरीप : मातीचे आरोग्य सुधारताना या चुका टाळा

मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला आता एकाच खरिपात दोन परस्परविरुद्ध संकटांना तोंड द्यावे लागते. ऐन फुलोऱ्यात पावसाची दीर्घ उघडीप पडते आणि काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजते. पाऊस आपल्या हातात नाही. परंतु पडलेले पाणी माती किती मुरवते, किती धरून ठेवते आणि जास्तीचे किती लवकर सोडते, हे बऱ्याच अंशी आपल्या मशागतीवर अवलंबून असते. असे असूनही पीक बिघडले की पहिला खर्च खताच्या आणखी एका गोणीवर किंवा फवारणीच्या बाटलीवर होतो. तो करण्यापूर्वी शेतात एक खड्डा खोदून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

खोदून न पाहताच निदान करणे

पाऊस थांबून वाफसा आला (जास्तीचे पाणी निघून माती काम करण्याजोगी ओलसर झाली) की पीक खुंटलेल्या जागी खोऱ्याने फूट-दीड फूट खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेचे एक झाड मुळासकट अलगद सोडवावे. सोटमूळ सरळ खाली गेले असेल तर दोष अन्यत्र शोधावा. ते वितभर खोलीवर अडून आडवे वळले असेल आणि त्याच ठिकाणी सुरीचे टोक जोर लावल्याशिवाय शिरत नसेल, तर खाली कठीण थर तयार झाला आहे असे समजावे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरवल्याने आणि ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातल्याने हा थर तयार होतो. अशा शेतात थोड्या जास्त पावसाने पाणी साचते आणि आठवडाभराच्या उन्हाने पीक माना टाकते. दोन्हींचे कारण एकच असते, कारण मुळांना वापरायला वरची वीतभर मातीच उरते.

यावर उपाय म्हणून दरवर्षी खोल नांगरट करणे ही दुसरी चूक होय. माती जितकी उलथावी तितका सेंद्रिय कर्बाचा (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनचा) ऱ्हास वेगाने होतो. थर असेल तरच, उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना, सबसॉयलर (माती न उलथता खालचा थर फोडणारे अवजार) किंवा खोल नांगर चालवावा. ओल्या काळ्या मातीत तेच अवजार थर फोडण्याऐवजी माती आणखी दाबते. एरवी वखराच्या हलक्या पाळ्या पुरेशा असतात.

पिवळेपणा दिसला की युरिया टाकणे

सोयाबीन पिवळे पडले की युरिया फेकण्याची घाई होते, परंतु पिवळेपणा कोणत्या पानावर आहे हे आधी पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडले असण्याची शक्यता असते. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही पिकाला उपलब्ध होत नाही आणि पाणी साचल्यावर ही अडचण अधिक वाढते. अशा वेळी प्रथम चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा येऊ द्यावा आणि त्यानंतरही गरज भासली तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात फेरस सल्फेटची फवारणी करावी. युरियाने हा दोष जात नाही. उलट, पिकाची पालेदार वाढ होऊन किडींना आमंत्रण मिळते. शिवाय, विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) जमिनीवर उघडा फेकलेला युरिया मातीत न मिसळल्यास त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत निघून जातो.

मातीचा नमुना चुकीचा घेणे

मृद आरोग्य पत्रिका योजना देशात २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्यासह १२ घटकांची माहिती मिळते. मात्र नमुना बांधाजवळून, झाडाखालून, उकिरड्याच्या जागेवरून किंवा खत टाकल्यावर लगेच घेतला असेल, तर त्या पत्रिकेचा उपयोग नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडावी, सगळी एकत्र मिसळून चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो माती ठेवावी. हलकी आणि भारी जमीन एकाच गट क्रमांकात असेल तर नमुने वेगळे ठेवावेत.

जमीन सुधारण्यासाठी घातल्या जाणाऱ्या जिप्समच्या बाबतीत तर अहवालाशिवाय पाऊल उचलूच नये. सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययुक्त सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक, अशा चोपण जमिनीत जिप्सम काम करते, आणि तेही निचऱ्याची सोय असेल तरच. केवळ क्षार वाढलेल्या जमिनीला चर आणि चांगले पाणी हवे असते.

भुसा जाळणे आणि कच्चे शेणखत घालणे

मळणीनंतर सोयाबीनच्या भुसाचा ढीग आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून देणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. जाळल्यावर पालाशाचा (पोटॅशचा) बराचसा भाग राखेत राहतो, पण नत्र आणि कर्ब हवेत जातात. आणि ओल धरून ठेवण्यासाठी आपल्या मातीत नेमका कर्बच कमी आहे. भुसा तूर किंवा फळझाडांच्या ओळींत आच्छादन म्हणून पसरावा, अथवा शेणकाल्यासह कुजवावा. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून घ्याव्यात. मात्र गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव झालेले अवशेष शेतात रचून ठेवू नयेत. उसाच्या पाचटासाठी तर शिफारस स्पष्ट आहे: प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू.

शेणखत घालताना ते पूर्ण कुजलेले आहे ना, हे मूठभर हातात घेऊन पाहावे. कुजलेले खत भुसभुशीत असते, त्याला शेणाचा वास येत नाही आणि त्यातली काडी बोटांनी सहज तुटते. कच्च्या खताबरोबर हुमणी, वाळवी आणि तणांचे बी शेतात येते.

घाईची आणि उताराच्या दिशेची पेरणी

पहिल्याच पावसावर तिफण किंवा ट्रॅक्टर काढला जातो आणि मग दुबार पेरणीची वेळ येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. बी चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, कारण पेरणीनंतर जोराचा पाऊस आल्यास वर कडक पापुद्रा येतो आणि खोल पडलेला कोंब त्यातून बाहेर येत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या; म्हणून बियाणे घरचे असो वा विकतचे, १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी.

पेरणीचे तास (ओळी) नेहमी उताराला आडवे असावेत. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरल्यास उघडिपीत वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पद्धतीवर भर देण्यात आला. यंत्र मिळत नसेल तर साध्या पेरणीनंतर ठरावीक ओळींनी एक सरी मोकळी सोडावी. या सऱ्यांची तोंडे गवत लावलेल्या चरात काढून द्यावीत. ती शेजाऱ्याच्या बांधावर सोडली तर वाहून गेलेली माती परत मिळत नाही आणि भांडण मात्र उभे राहते.