स्वतःला न दिसणारे कामातले दोष कसे शोधावेत

मन लावून काम करणाऱ्या माणसाची बढती अडते. कारण विचारलं तर साहेब मोघम काहीतरी सांगतात. खरं कारण शेजारच्या टेबलांवर सगळ्यांना ठाऊक असतं, त्या माणसालाच नसतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ‘जोहरी खिडकी’ मांडली, म्हणजे आपल्याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे आणि इतरांना काय, याची आकृती. तिच्या चार कप्प्यांतला एक नेमका हाच आहे: इतरांना दिसतं, पण आपल्याला दिसत नाही.

हा कप्पा एकट्याने विचार करत बसून उघडत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांच्या तर्क, व्याकरण वगैरे चाचण्या घेतल्या. सर्वांत मागे राहिलेल्या गटाला सरासरी वाटत होतं की आपण शंभरातल्या ६२ जणांच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात ते १२ जणांच्याच पुढे होते. काम नीट करायला जी समज लागते, तीच ते जोखायलाही लागते. म्हणून पुरावा बाहेरूनच आणावा लागतो.

१. आधी कागद बघा

मागची अप्रेझल्स, परत आलेली कामं, ‘पुन्हा एकदा पाठवाल का?’ असे ईमेल काढा. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी केलेली एकच तक्रार सापडली, तर तिच्याखाली रेघ मारा. पुढच्या कामांसाठी ‘किती दिवस लागतील, काय अडेल’ हे आधीच लिहून ठेवा आणि काम संपल्यावर ताडून पाहा.

२. तीन माणसं निवडा

एक वरिष्ठ, एक बरोबरीचा आणि एक असा, ज्याचं काम तुमच्या कामावर अवलंबून आहे. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तुमच्या सवयींचा त्रास तोच सोसतो. रोज चहाला बरोबर येणाऱ्या मित्राला शक्यतो यात घेऊ नका. तो तुम्हाला सांभाळून घेईल.

३. प्रश्न नेमका विचारा

‘माझं काही चुकतं का?’ असं विचारलंत की ‘छे हो, सगळं छान आहे’ हेच उत्तर येणार. आपल्याकडे ज्युनिअर माणूस साहेबांच्या तोंडावर दोष काढत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून दोष विचारूच नका. एखादं झालेलं काम घ्या आणि विचारा, ‘मागच्या महिन्याच्या रिपोर्टच्या वेळी मी काय वेगळं केलं असतं, तर तुमचं काम सोपं झालं असतं?’ मग ‘सर, बदल संध्याकाळी सहाऐवजी दुपारी कळले असते तर बरं झालं असतं,’ असं काही हाती लागतं. प्रश्न आदल्या दिवशी सांगून ठेवलात तर समोरच्याला विचार करायला, धीर गोळा करायला वेळ मिळतो.

४. उत्तर आलं की खुलासा करू नका

सगळ्यांत अवघड पायरी ही. ‘अहो, पण त्या दिवशी सर्व्हरच बंद होता’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी गिळा. ते एकदा बाहेर पडलं की पुढच्या वेळी तो माणूस काही बोलणार नाही. त्याचेच शब्द लिहून घ्या, एखादं उदाहरण मागा, आभार माना. आणि जे ऐकलंत ते त्याच्याविरुद्ध कधीही, कुठेही वापरू नका.

५. चाळणी लावा

ऐकलेलं सगळंच खरं नसतं. एकट्याचंच मत असेल तर थांबा. दोघांनी आपापलं तेच सांगितलं तर मात्र मनावर घ्या. ‘तुम्ही फार स्पष्ट बोलता’ हे बाईला ऐकवलं जातं, तेव्हा तसंच बोलणाऱ्या पुरुष सहकाऱ्यालाही ते कोणी म्हणतं का, हे तिने जरूर पाहावं. म्हणत नसेल, तर तो दोष बघणाऱ्याच्या नजरेत आहे.

६. एकच सवय धरा

यादीतली एकच गोष्ट निवडा आणि तिघांनाही सांगा: ‘यापुढे बदल दुपारी तीनच्या आत कळवीन. चुकलो तर लगेच आठवण करा.’ दीड महिन्याने पुन्हा त्यांच्याकडे जा आणि एखाद्या ताज्या कामाबद्दल तोच प्रश्न विचारा. उत्तर बदललं असेल, तर यादीतली दुसरी गोष्ट घ्या.