हॅकिंगची बातमी वाचून मत बनवण्यापूर्वी

एखादी मोठी कंपनी हॅक झाली, कोट्यवधी पासवर्ड फुटले, निम्मे इंटरनेट धोक्यात आले, अशा बातम्या वरचेवर येतात आणि वाचणारा बहुधा एकतर घाबरतो किंवा कंटाळून पुढे जातो. या दोहोंपेक्षा उपयोगी असे तिसरे काम करता येते, ते म्हणजे बातमीत नेमका दावा कोणता केला आहे हे शोधून काढणे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. कोणता मजकूर आधी वाचायचा आणि कोणत्या शब्दापाशी थांबायचे, एवढे ठाऊक असले तरी भागते.

सर्वप्रथम बातमीचा उगम शोधावा. या प्रकारच्या बातम्या मोजक्याच ठिकाणी जन्म घेतात: कंपनीचे स्वतःचे निवेदन, नियामक संस्थेकडे दाखल केलेले कागदपत्र, एखाद्या संशोधकाचा तांत्रिक अहवाल, चोरीचा माल विकणाऱ्याने केलेला दावा, किंवा नाव न सांगणाऱ्या सूत्रांनी पत्रकाराला दिलेली माहिती. यांपैकी आपल्यासमोरची बातमी कोणत्या जातीची आहे हे मजकुरात खोलवर कुठेतरी एका वाक्यात लिहिलेले असते. ते वाक्य सापडत नसेल, तर त्या बातमीवर मत बनवण्याची घाई करू नये.

२०२४ च्या सुरुवातीला एका स्विस वृत्तपत्राने असे छापले की, ३० लाख ‘स्मार्ट’ टूथब्रशांमध्ये मालवेअर, म्हणजे अपायकारक सॉफ्टवेअर, शिरले आणि त्यांनी मिळून एका कंपनीचे संकेतस्थळ बंद पाडले. ही बातमी काही दिवसांतच जगभर पसरली. ज्या सुरक्षा कंपनीचा हवाला दिला होता, त्या फोर्टिनेटने नंतर स्पष्ट केले की, हल्ल्याचा एक प्रकार समजावून सांगण्यासाठी दिलेले ते काल्पनिक उदाहरण होते. बातमीत कोणत्या कंपनीचे संकेतस्थळ बंद पडले हे नव्हते, ब्रश कोणत्या उत्पादकाचे होते हेही नव्हते, आणि असे ब्रश बहुतेक वेळा ब्लूटूथने फोनला जोडलेले असतात, थेट इंटरनेटला नव्हे. एवढे तीन प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला खुलाशाची वाट पाहावी लागली नसती. एकच बातमी अनेक ठिकाणी दिसली म्हणून तिला अनेक पुरावे मिळाले असे होत नाही, कारण बहुतेकांनी एकमेकांचेच वाचून लिहिलेले असते.

उगम प्रतिष्ठित असला तरी हा नियम सोडू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्लूमबर्गने असे वृत्त दिले की, सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हरमधील मदरबोर्डांवर हेरगिरीसाठी सूक्ष्म चिप बसवण्यात आल्या होत्या. ॲपल आणि ॲमेझॉन यांनी ते ठामपणे फेटाळले, वृत्तसंस्था आपल्या म्हणण्यावर कायम राहिली, आणि तसा मदरबोर्ड आजवर कोणीही जाहीरपणे सर्वांपुढे ठेवलेला नाही. हॅकर मंडळींच्या, म्हणजे येथे चोरांच्या नव्हे तर यंत्रणा उघडून पाहणाऱ्या हौशी तंत्रज्ञांच्या, जगातली एक रीत येथे कामी येते: ज्याने दावा केला त्याने तो करून दाखवावा आणि इतरांनाही तो स्वतः पडताळता यावा. ही रीत उद्धट वाटते, पण माझ्या मते तंत्रज्ञानाच्या पत्रकारितेने त्या संस्कृतीकडून उचलावी अशी ती पहिली गोष्ट आहे.

उगम सापडल्यावर क्रियापद पाहावे. ‘हॅक झाले’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या घटना कोंबल्या जातात. कोणी सर्व्हरमध्ये घुसले; कोणी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड येथे वापरून पाहिले आणि काही चालले; कोणी सार्वजनिक पानांवरची माहिती यंत्राकरवी गोळा केली; संशोधकाला त्रुटी सापडली, पण तिचा गैरवापर झालेला नाही; किंवा यंत्रणा स्वतःच्याच चुकीने बंद पडली. २०२१ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ७० कोटी वापरकर्त्यांची माहिती विक्रीला आल्याचे जाहीर झाले, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे होते की, ही घुसखोरी नसून संकेतस्थळावरून आणि अन्य ठिकाणांहून गोळा केलेली माहिती आहे. ज्याची माहिती विकली गेली त्याला या भेदाने फारसा दिलासा मिळत नाही हे खरे; तरीही काय करायचे हे त्यावरूनच ठरते, कारण अशा प्रसंगी पासवर्ड बदलून काही साधत नाही. १९ जुलै २०२४ रोजी विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत संगणक निळा पडदा दाखवू लागले, तेव्हा पहिल्या काही तासांत अनेकांनी तो सायबर हल्लाच मानला. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेले एक अपडेट सदोष होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यामुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि हा आकडा सर्व विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होता.

आकडा वाचताना तो कशाचा आहे हे विचारावे. नोंदी, खाती आणि माणसे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. जून २०२५ मध्ये १६ अब्ज पासवर्ड फुटल्याची बातमी झळकली. जगाची लोकसंख्या साधारण ८ अब्ज आहे हे आठवले की, हा आकडा माणसांचा असूच शकत नाही हे उघड होते. तो अनेक संग्रह एकत्र करून आलेला होता, त्यांतला बराचसा भाग लोकांच्या संगणकांत शिरून पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरने जमवलेला होता, आणि एकच नोंद पुन्हा पुन्हा मोजली गेली असण्यास पूर्ण वाव होता. मात्र यावरून प्रत्येक मोठा आकडा फुगवलेलाच असतो असे ठरवणेही चूक आहे. याहूने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितले की, ऑगस्ट २०१३ च्या घुसखोरीत १ अब्जाहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली; ऑक्टोबर २०१७ मध्ये तोच आकडा ३ अब्जांवर, म्हणजे त्या काळच्या सर्वच खात्यांवर गेला.

कंपनीचे निवेदन वकिलांच्या नजरेखालून गेलेले असते, म्हणून ते करारनाम्यासारखे वाचावे. ‘माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आम्हाला आढळलेला नाही’ हे वाक्य घ्या. त्यात गैरवापर झाला नाही असे म्हटलेलेच नाही. पुरावा शोधण्यासाठी सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवलेल्या असाव्या लागतात. त्या जपल्याच नसतील, किंवा हल्लेखोराने पुसल्या असतील, तरी हे वाक्य अक्षरशः खरेच ठरते. ‘पासवर्ड सुरक्षित स्वरूपात होते’ हे वाक्यही असेच निसटते. पासवर्ड हॅश करून, म्हणजे सहज उलटवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, ठेवले होते का, त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा यादृच्छिक मजकूर, होता का, आणि पद्धत कोणती होती, हे सांगितले असेल तरच त्या आश्वासनाला वजन येते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे जे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते एसएचए-१ पद्धतीचे आणि सॉल्टविना होते, त्यामुळे त्यांतले पुष्कळ लवकरच उलगडले गेले. २०१६ मध्ये त्याच घुसखोरीतली सुमारे ११.७ कोटी खाती विक्रीला आल्याचे समोर आले.

याच निवेदनातून तीन तारखा काढून कागदावर लिहाव्यात: घुसखोरी केव्हा झाली, ती कंपनीला केव्हा कळली आणि लोकांना केव्हा सांगितली. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीच्या प्रकरणात अपाची स्ट्रट्स या संकेतस्थळे बांधण्याच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीवरचा उपाय मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाला होता, हल्लेखोर मे महिन्यात माहितीपर्यंत पोहोचले, कंपनीला जुलैअखेर सुगावा लागला आणि जाहीर निवेदन ७ सप्टेंबरला आले. सुमारे १४.७ कोटी लोकांना याची झळ बसली. या तारखा एकाखाली एक मांडल्या की, ‘अत्याधुनिक हल्ला’ या लाडक्या शब्दप्रयोगाची गरज कोणाला असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

त्रुटींच्या बातम्यांत सीव्हीई क्रमांक शोधावा. १९९९ पासून चालत आलेल्या या पद्धतीत नोंद झालेल्या प्रत्येक त्रुटीला स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि तो सापडला की बातमीवरून थेट मूळ नोंदीवर जाता येते. सोबत ० ते १० असा सीव्हीएसएस गुणांक असतो. बातम्यांना तो फार आवडतो, पण तो त्रुटी किती भयंकर ठरू शकते एवढेच सांगतो, ती किती ठिकाणी पोहोचली हे सांगत नाही. डिसेंबर २०२१ ची लॉगफोरशेल (सीव्हीई-२०२१-४४२२८) आणि मार्च २०२४ ची एक्सझेड (सीव्हीई-२०२४-३०९४) या दोघींचाही गुणांक १० आहे. पहिली जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या असंख्य प्रणालींमध्ये आधीच बसलेली होती आणि जाहीर होताच तिच्यावर हल्ल्यांची झुंबड उडाली. दुसरी, म्हणजे फायली लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा, लिनक्सच्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांत शिरण्यापूर्वीच पकडली गेली. अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था सिसा प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या त्रुटींची यादी ठेवते. माझ्या अनुभवात ती यादी पाहणे हे गुणांक पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

एक्सझेडचे प्रकरण मुळातून वाचावे, कारण चांगला पुरावा कसा दिसतो हे त्यात दिसते. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसच्या कामातले अभियंते डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या ‘अनस्टेबल’ (अस्थिर) आवृत्तीवर वेग मोजत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि प्रोसेसरवर अकारण ताण दिसत होता. त्या विलंबाचा माग काढत ते एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांपर्यंत पोहोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी आपले निरीक्षण सर्वांसमोर मांडले. त्यात मोजमाप होते, संशयित कोड कुठे दडवला आहे हे होते, आणि जे अजून समजले नाही तेही स्पष्ट लिहिलेले होते. त्यामुळेच काही तासांत जगभरातल्या लोकांना ते पडताळता आले. ज्या नावाने तो कोड घातला गेला त्या ‘जिया तान’ या नावामागे कोण होते, याविषयी मात्र बातम्यांत तर्कच अधिक होते, आणि ते तर्क म्हणूनच वाचायला हवेत.

संशोधकांच्या दाव्यालाही चाळणी लावावी. २०१४ च्या हार्टब्लीडपासून त्रुटींना नाव, बोधचिन्ह आणि स्वतंत्र संकेतस्थळ देण्याची प्रथा रुळली. त्यामुळे लोकांचे लक्ष वेधले जाते हा लाभ आहे, पण बोधचिन्ह देखणे असणे आणि धोका मोठा असणे यांचा परस्परांशी संबंध नाही. अहवाल लिहिणारी कंपनी त्याच धोक्यावरचे उत्पादन विकते का, हेही पाहून घ्यावे. तज्ज्ञांची मते वाचताना ज्याने स्वतः कोड किंवा माहितीचा नमुना उघडून पाहिला, त्याचे म्हणणे आधी वाचावे. ज्याने केवळ मथळ्यावर टिप्पणी केली आहे, तो कितीही प्रसिद्ध असो, त्याला नंतरचे स्थान द्यावे.

मत राखून ठेवले म्हणून कृतीही राखून ठेवू नये. अपडेट आले असेल तर ते लगेच करावे, संशयित सेवेचा पासवर्ड बदलावा, तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. २०१३ पासून चालणाऱ्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेवर आपला ईमेल पत्ता कोणत्या ज्ञात गळत्यांमध्ये आला आहे हे तपासता येते.

मतासाठी मात्र काही आठवडे थांबून त्या विषयाकडे पुन्हा वळावे आणि त्यासाठी दिनदर्शिकेत नोंद करून ठेवावी, कारण खरा मजकूर बहुधा तेव्हाच येतो आणि तोवर बातम्या दुसरीकडे गेलेल्या असतात. क्राउडस्ट्राइकचा मूळ कारणांचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये आला: नव्या रचनेत २१ नोंदींची अपेक्षा होती, कोड मात्र २० नोंदीच पुरवत होता, आणि एकविसावी वाचू पाहताच यंत्र कोसळत होते. पहिल्या दिवसाच्या मथळ्यांवरून ज्यांनी मत बनवले, त्यांच्या मतात या एका नोंदीच्या फरकाला कुठेच जागा नव्हती.